मागून ढकलणारे

काळ्या खिडकीत पांढरी अक्षरं टाइप करणाऱ्या माणसाला एक रुबाब चढतो. माऊसने बटण दाबणारा तो कारकून आणि आज्ञा लिहिणारा तो सेनापती, अशी आमच्या जातकुळीची पक्की समजूत आहे. अक्षरांचा रंग हिरवा ठेवायला तांत्रिक कारण काडीचं नाही, तरी मी तो हिरवाच ठेवतो, कारण मागून जाणारा माणूस क्षणभर थांबतो. आभासी मशीनींचा कारभार पाहणाऱ्या व्हीसेंटरच्या रंगीत पडद्यावर दोन क्लिकमध्ये होणारं काम पॉवरसीएलआय या कमांडसंचाच्या एका लांबलचक ओळीने करण्यात वेळ अधिक जातो, पण इभ्रत वाढते. हे सगळं मान्य करूनही माझं म्हणणं असं, की शेकडो आभासी मशीनींचा गावगाडा हाकणाऱ्या सर्व्हरला कमांड लाइनवाचून गत्यंतर नाही. मात्र त्याची खरी कारणं आमच्या रुबाबात दिसत नाहीत. उलट, तो रुबाब त्यांच्या आड येतो.

पहिला पुरावा बिनतोड आहे. कारभार पाहण्याचा तो देखणा पडदा स्वतः व्हीसेंटरच्याच पोटात राहतो. व्हीसेंटर आडवा झाला की पडदाही त्याच्यासोबत जातो. गंमत म्हणजे खालच्या मशीनी बिनघोर चालू असतात. बँकेचे व्यवहार होतात, इस्पितळाची नोंदवही उघडते, फक्त कारभारी बेशुद्ध असतो. अशा वेळी एसएसएचने आत शिरायचं, समोर आलेल्या तुटपुंज्या प्रॉम्प्टवर ‘शेल’ लिहून खऱ्या घरात जायचं आणि आधी ‘डीएफ मायनस एच’ने डिस्क बघायची. पुष्कळदा नोंदींनी कप्पा गच्च भरलेला असतो. मग ‘सर्व्हिस-कंट्रोल’ला सगळ्यांची हजेरी घ्यायला सांगायचं आणि व्हीपीएक्सडी नावाचा मुख्य नोकर झोपलेला दिसला की त्याला उठवायचं. याहून बोलका दाखला लॉगिनला लागणाऱ्या एसटीएस प्रमाणपत्राचा. व्हीसेंटर ६.५च्या एका अद्ययावतीपासून काही काळ नव्याने उभारलेल्या व्हीसेंटरांत याची मुदत दोनच वर्षं असे. दोन वर्षांनी एका सकाळी व्हीसेंटर कुणालाच आत येऊ देत नाही म्हटल्यावर बटण तरी कुठलं दाबणार? दुरुस्ती आतून, स्क्रिप्ट चालवूनच. शिवाय पडदे स्वतः किती टिकले तेही पाहा. आधी विंडोजवरचा क्लायंट होता, मग फ्लॅशवरचा आला, मग एचटीएमएल ५ची पाळी आली, आणि २०२० संपता संपता फ्लॅशच जगातून उठला. दर वेळी ‘ते चिन्ह गेलं कुठे’ हा शोध नव्याने. याच काळात, मशीनी ज्याच्यावर चालतात त्या होस्टवरची ‘ईएसएक्ससीएलआय’ ही कमांड २०११ पासून जवळजवळ त्याच वळणाने बोलते आहे.

दुसरा पुरावा आमच्या भागातला. ऐरोली-महापेच्या डेटा सेंटरांतली यंत्रं राखणारी बरीच मंडळी नेरळ, कर्जत, खोपोलीला राहतात, कारण तिथे घर परवडतं. कर्जतहून खोपोलीची लोकल पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी अशी डुलत जाते आणि मोबाइलचं नेटवर्क तिच्याहून जास्त डुलतं. या मार्गावर रंगीत पडदा उघडायला घेतला तर पळसदरीला सुरू झालेलं गोल चक्र लौजीलाही फिरतच असतं. कमांडची ओळ म्हणजे चिमूटभर अक्षरं. नेटवर्कची फट सापडली की निसटून पलीकडे पोचते. मधल्या लिनक्स मशीनवर टीमक्स चालू ठेवलं असेल तर जोडणी तुटली तरी काम तुटत नाही, पुढच्या स्टेशनात धागा पुन्हा हाती घेता येतो. ‘मग लॅपटॉप घेऊन ऑफिसातच बसा की’ असं म्हणणाऱ्यांनी जुलै महिन्यात बदलापूरच्या पुढे एकदा यावं.

कर्जतचं नाव निघालं की मला बँकर इंजिनांवर बोलल्याशिवाय राहवत नाही. वाचकांनी हा परिच्छेद खुशाल ओलांडावा. मी मात्र लिहिणारच. बोरघाटाचा रेल्वेमार्ग १८६३ सालचा. कर्जत ते लोणावळा जेमतेम २८ किलोमीटर, पण चढ सदतीसास एक. रेल्वेच्या हिशेबात ही जवळजवळ भिंतच. म्हणून पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबते, तिच्या शेपटीला जादा इंजिनं लागतात, ती पळसदरी, ठाकूरवाडी, मंकी हिल करत तिला वर ढकलतात, लोणावळ्याला गुपचूप सुटतात आणि पुढची गाडी ढकलायला परत खाली येतात. ती शेवटच्या डब्यामागे असतात म्हणून प्रवाशाला दिसत नाहीत. त्याला फक्त एक धक्का जाणवतो आणि हातातला चहा हिंदकळतो. आता न्यायाचा भाग बघा. गाडी थांबायची ती इंजिनासाठी, पण त्या थांब्याने अजरामर केलं वड्याला! कर्जतचा वडा पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या तोंडी आहे; बँकरच्या नावाने कुणी साधी पुडीसुद्धा बांधली नाही. आम्ही सर्व्हर राखणारे स्वतःला बँकर समजतो, हे चाणाक्ष वाचकाने ओळखलंच असेल. २०२३ साली सोलापूरची वंदे भारत आली ती बँकरशिवायच घाट चढू लागली, कारण तिची ताकद डब्याडब्यांत वाटलेली आहे. ही बातमी मला व्यक्तिशः लागली.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. पडदा निदान ‘नक्की ना?’ असं विचारतो. कमांडची विचारणा बंदही करता येते. पॉवरसीएलआयमध्ये सगळ्या मशीनींची यादी मागवून ती थेट ‘स्टॉप-व्हीएम’कडे वळवायला एक उभी रेघ पुरते, आणि शेवटी ‘कन्फर्म’ला फॉल्स जोडलं की विचारणाही बंद. भीती रास्त आहे, पण तिचं उत्तर त्याच घाटात आहे. लोणावळ्याहून उतरणारी गाडी वाटेत ठरल्या ठिकाणी थांबते. तिथला फाटा मुळातच चढावर जाणाऱ्या कॅच सायडिंगकडे लावलेला असतो. गाडी थांबली, म्हणजे ब्रेक ताब्यात आहेत एवढं सिद्ध झालं, की मगच मुख्य मार्ग मिळतो. ‘व्हॉट-इफ’ हा पर्याय नेमका हाच फाटा आहे: हुकूम चालवू नको, चालवला असता तर काय झालं असतं ते सांग. तो आम्ही वापरत नाही, कारण त्याने हात थरथरल्यासारखा दिसतो. म्हणजे दोष हत्याराचा नाही, पुन्हा त्या रुबाबाचाच. हत्यारं घडवणारे आमच्याहून शहाणे निघाले. अडकलेलं मशीन मारायला ‘ईएसएक्ससीएलआय’त तीन पायऱ्या आहेत, सॉफ्ट, हार्ड आणि फोर्स, आणि सुरुवात सॉफ्टने करावी असं सांगणंही आहे. पडद्याच्या ‘नक्की ना?’वर मात्र माणूस दिवसाकाठी इतक्यांदा ‘हो’ म्हणतो, की तो प्रश्न न वाचताच बोट पुढे जातं.

दुसरा आक्षेप असा, की ही विद्या कंपनीगणिक बदलते. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीसेंटर बनवणारी व्हीएमवेअर घेतली, कायमस्वरूपी परवाने बंद झाले, आणि कित्येकांनी प्रॉक्समॉक्स या दुसऱ्या प्रणालीची वाट धरली. तिथे ‘सर्व्हिस-कंट्रोल’ला कुणी विचारत नाही, तिथे ‘क्यूएम’ आणि ‘पीसीटी’चं राज्य. खरं आहे. पण क्रम बदलत नाही: आधी जागा बघा, मग कोण जागं आहे ते बघा, मग एकेकाला उठवा. हा क्रम कागदावर उतरतो, आणि माझ्या मते कमांडचा सगळ्यात मोठा गुण हाच, की ती लिहून दुसऱ्याला देता येते. पडदा फोनवर शिकवून बघा: उजवीकडे वर, ते दातेरी चक्र, ते नव्हे, दुसरं. ओळ मात्र जशीच्या तशी पाठवता येते. फक्त दोन मायनस जुळवून फोनने परस्पर एक लांब रेघ करू नये, एवढी नजर ठेवायची.

आणि इथे मला खरोखर चीड येते. रात्रपाळीला कंत्राटावरची पोरं बसतात. शेवटच्या कर्जत लोकलची वेळ त्यांना तोंडपाठ असते आणि ती रोज चुकते. त्यांच्या पडद्यावरची निम्मी बटणं करडी असतात. काही बिघडलं तर ‘सरांना फोन करा’, एवढंच त्यांचं शिक्षण. ज्या विद्येचा सगळा गुण लिहून देता येण्यात आहे, ती आम्ही सर लोक डोक्यात कोंडून ठेवतो, कारण पहाटे तीनला फोन आपल्यालाच यावा ही आमची गुप्त हौस असते. त्या हौसेपायी ती पोरं पाच-पाच वर्षं फोन लावणारीच राहतात, आणि पुढच्या मुलाखतीत ‘तुम्ही स्वतः काय केलं?’ या प्रश्नावर गप्प बसतात. तेव्हा ओळी लिहून सगळ्यांना दिसतील अशा ठिकाणी ठेवाव्यात, प्रत्येकीखाली ती का चालवायची आणि उलटली तर काय करायचं हे मराठीत असावं, आणि त्या आधी खेळातल्या मशीनवर त्या पोरांच्या हातून चालवून घ्याव्यात. मग आम्हाला कोण विचारणार, असा प्रश्न कुणी काढेल. त्यावर तोडगा आहे. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत हॅशचं चिन्ह टाकलं की पुढचा मजकूर यंत्र वाचत नाही, माणसं वाचतात. तिथे लेखकाचं नाव घालायला कुणाची हरकत नसावी. मी आडनावासकट घालतो.