मल्टिट्रॅक रेकॉर्डर कसा निवडावा: होतकरूंसाठी शास्त्रोक्त मार्गदर्शन

प्रस्तुत मार्गदर्शन संगणकाने गांजलेल्या होतकरू संगीतकारांसाठी आहे. चाल सुचली म्हणून तुम्ही संगणक उघडलात. त्याने आधी स्वतःला अद्ययावत करून घेतलं, मग सॉफ्टवेअरने परवान्याची मुदत संपल्याचं कळवलं, मध्येच बँकेचा मेल आला आणि तासाभराने तुम्ही कुणा परदेशी गृहस्थाचं मायक्रोफोनवरचं व्याख्यान ऐकत बसलेले आढळलात. चाल गेली ती गेलीच. अशा पीडितांनी शेवटी ठरवलेलं असतं, की एक लहानसं यंत्र घ्यायचं, ज्यात गाणं रेकॉर्ड होतं आणि दुसरं काहीही होत नाही. निर्णय उत्तम आहे. आता ते यंत्र निवडण्यात पुढचं वर्ष कसं घालवायचं ते पाहू.

खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेला ट्रॅकांचा आकडा पाहून हुरळून जाऊ नये. एकूण किती आवाज एकावर एक रचून वाजवता येतील, एवढंच तो सांगतो. एका वेळी किती आवाज आत घेता येतील हा आकडा खोक्याच्या मागच्या बाजूला बारीक टायपात असतो आणि पैसे त्याचे मोजावे लागतात. टॅस्कॅमच्या डीपी-००८ईएक्समध्ये ट्रॅक ८, पण एका वेळी आत येणार २. झूमच्या आर१६मध्ये ट्रॅक १६ आणि एका वेळी ८. एकट्याने गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला दोन पुष्कळ झाले, कारण त्याच्याकडे तोंड एक आणि हातात वाद्य एक. मैफल जमवायची असेल तर हिशेब बदलतो: तबल्याला एक माइक, डग्ग्याला एक, पेटीला एक आणि गायकाला एक, असे चार झाले. झांज वाजवणाऱ्या मित्राला दुसऱ्या दिवशी बोलवावं.

आठ जणांना एका खोलीत बसवून आठ ट्रॅक भरण्याचा मोह अनेकांना होतो. त्यांनी एवढंच लक्षात ठेवावं, की पेटीवाल्याचा चुकलेला स्वर फक्त पेटीच्या माइकमध्ये जात नाही. तो गायकाच्या माइकमध्ये जातो, डग्ग्याच्याही जातो, आणि मग पेटीचा ट्रॅक पुसूनही मागे हजर राहतो.

दुकानदार बहुधा मुठीत मावणारा, डोक्यावर दोन माइक असलेला रेकॉर्डर पुढे करेल. हे यंत्र चांगलंच असतं. भाषणं, पक्षी, कीर्तन यांसाठी तर फारच. पण तुम्हाला ट्रॅक नुसते भरायचे नाहीत, ते एकमेकांत बसवायचे आहेत. त्यासाठी परीक्षा सोपी आहे. दुकानात उभं राहून विचारावं, “तिसऱ्या ट्रॅकचा आवाज जरा कमी करून दाखवा.” दुकानदाराने एक बटण फिरवलं किंवा एक फेडर, म्हणजे सरकणारी खुंटी, खाली ओढला तर यंत्र विचारात घ्यावं. तो मेनू उघडून, खाली जाऊन, आत शिरून, परत बाहेर येऊ लागला तर नमस्कार करून निघावं. रात्री साडेअकराला चाल सुचलेली असताना तुम्हाला हेच करावं लागणार आहे, आणि त्या वेळी पडद्यावरची अक्षरं आणखी लहान झालेली असतात.

होतकरूला थोडा इतिहास ठाऊक असावा. चर्चेत तो उपयोगी पडतो. १९७९ साली टीअ‍ॅक कंपनीने टॅस्कॅम या नावाखाली पोर्टास्टुडिओ १४४ नावाचं यंत्र काढलं. त्यात साधी कॅसेट जायची. कॅसेटच्या दोन बाजूंचे मिळून चार ट्रॅक हे यंत्र एकाच दिशेने वापरायचं, आणि तेही दुप्पट वेगाने, म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटवर पंधरा मिनिटांचं काम. १९८२च्या जानेवारीत अमेरिकी गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात हेच यंत्र आणि शुअर एसएम५७चे दोन माइक घेऊन काही गाणी कच्ची रेकॉर्ड केली. हेतू एवढाच, की बँडमधल्या मंडळींना चाली ऐकवाव्यात. ती कॅसेट तो डबीशिवाय खिशात घालून हिंडला. मग बँडसह मोठ्या स्टुडिओत तीच गाणी करून पाहिली, पण कॅसेटवर जे होतं ते तिथे येईना. शेवटी ती कॅसेटच ‘नेब्रास्का’ या नावाने बाजारात आली. तिच्यावरून तबकडी तयार करताना इंजिनियरांच्या नाकी नऊ आले, हा भाग चर्चेत सहसा सांगितला जात नाही. तुम्हीही सांगू नये.

चर्चेत वापरायचा दुसरा मुद्दा बाउन्सचा. चार ट्रॅकांच्या यंत्रावर पाच आवाज हवे असतील तर पहिले तीन भरायचे, ते एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या तिघांवर पुन्हा भरायला सुरुवात करायची. यात गंमत अशी, की एकदा उतरवल्यावर पेटी मोठी झाली की तबला लहान झाला याची तक्रार करता येत नाही. खिचडीत गेलेली डाळ वेचून काढता येत नाही. संगणकावर शंभर ट्रॅक उघडे ठेवून वर्षभर विचार करत बसण्याची सोय असते. इथे त्याच रात्री ठरवावं लागतं. माझ्या मते यंत्र घेण्याचं खरं कारण एवढंच आहे, आणि म्हणूनच बत्तीस ट्रॅकांचं यंत्र घेणाऱ्या होतकरूकडे मी संशयाने पाहतो. तो संगणकच घेतो आहे, फक्त कीबोर्ड नसलेला.

आता माइक. कंडेन्सर माइकला चालण्यासाठी ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा, म्हणजे माइकच्याच वायरीतून जाणारी वीज, लागतो. तो यंत्रात आहे की नाही, हे विकत घेण्यापूर्वी विचारावं. अगदी छोट्या यंत्रांत तो नसतो आणि मग महागडा माइक कपाटात शोभेला राहतो. पण पुरवठा असला तरी कंडेन्सर घ्यावा का? त्याला सगळं ऐकू येतं. घंटागाडीचं गाणं ऐकू येतं, भंगारवाल्याच्या गाडीवरचं ध्वनिमुद्रित आवाहन ऐकू येतं, वरच्या मजल्यावर चटणी वाटली जात असेल तर ती ओली की सुकी हेही बहुधा कळतं. जुलैपासून जवळपास ढोल-ताशा पथकाचा सराव सुरू झाला की कंडेन्सरवाल्यांनी गणपती उठेपर्यंत फक्त चाली सुचवून घ्याव्यात. सोसायटीत राहणाऱ्याने साधा डायनॅमिक माइक घ्यावा. तो तोंडाजवळ धरला की तोंडाजवळचंच बव्हंशी ऐकतो. स्प्रिंगस्टीनचा एसएम५७ याच जातीचा, आणि तो अजूनही बाजारात मिळतो.

पंखा बंद करावा. फ्रिजचा काँप्रेसर थांबेपर्यंत वाट पाहावी. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा. एवढं करूनही ट्रॅकमध्ये एक बारीक घूंऽऽ राहिलाच, तर तो बहुधा वायरिंगमधून आलेला असतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, आणि जुन्या इमारतींत भिंतीतल्या सॉकेटच्या तिसऱ्या भोकाला पुष्कळदा अर्थिंग जोडलेलंच नसतं. अशा वेळी अ‍ॅडॉप्टर काढून यंत्र सेलवर चालवावं. पुष्कळदा गुणगुण तिथेच संपते. ‘पोर्टेबल’ यंत्राचा उपयोग डोंगरावर जाऊन गाण्यासाठी असतो अशी जाहिरातींची समजूत आहे. आपल्याकडे तो स्वतःच्याच घरातल्या वायरिंगपासून सुटका करून घेण्यासाठी असतो. सेल रिचार्जेबल घ्यावेत आणि यंत्राच्या मेनूत सेलचा प्रकार बदलून सांगावा. न सांगितल्यास बॅटरीच्या खुणेवर विश्वास ठेवता येत नाही, आणि ऐन अंतऱ्यात यंत्र डोळे मिटतं. फँटम चालू ठेवला तर ते आणखी लवकर मिटतं.

गाणी ज्यावर साठतात त्या मेमरी कार्डाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. साध्या सीडीच्या दर्जाचा एक ट्रॅक मिनिटाला जेमतेम ५ एमबी खातो. ३२ जीबीच्या कार्डावर असे शंभरएक तास बसतात, म्हणजे तुमच्याकडच्या चालींना पुरून उरतील. त्याहून मोठं कार्ड जुनी यंत्रं ओळखतही नाहीत. आणि एक गोष्ट इथे दबक्या आवाजात सांगणं भाग आहे: तयार गाणं यंत्राबाहेर काढून कुणाला पाठवायचं असेल तर बहुधा संगणक लागतोच. डीपी-००८ईएक्ससारख्या यंत्रात तर ट्रॅक कार्डाच्या एका वेगळ्या कप्प्यात राहतात. आधी यंत्राला सांगून ते दुसऱ्या कप्प्यात आणावे लागतात, तेव्हा कुठे संगणकाला दिसतात. तेव्हा संगणक विकण्याची घोषणा घरात इतक्यात करू नये.

मेट्रोनोम आणि तयार ड्रम यांच्या यादीवर भाळू नये. यंत्राला चार मात्रा मोजता येतात, सम आणि खाली कळत नाही. त्यापेक्षा घरातल्या इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची किंवा तबल्याची वायर थेट यंत्रात लावून पहिला ट्रॅक त्यालाच द्यावा आणि बाकीचं सगळं त्याच्या अंगाने भरावं. तानपुरा शेवटी घालू म्हणणाऱ्यांची गाणी कुठल्याच पट्टीत नसतात.

जुन्या कॅसेटयंत्राचा मोह होणाऱ्यांना अडवण्यात अर्थ नसतो. त्यांनी निदान रबरी पट्टे शाबूत आहेत का आणि हेड झिजलेलं नाही ना हे पाहून घ्यावं. एक फायदा मात्र मान्य केला पाहिजे. त्यात फितीचा वेग कमी-जास्त करणारं बटण असायचं. गाणं भरून झाल्यावर आलेली पेटी अर्ध्या श्रुतीने चढी निघाली तर गाण्यालाच तेवढं चढवता यायचं.

यंत्रापेक्षा आधी हेडफोन घ्यावेत, आणि ते कान पूर्ण झाकणारे असावेत. उघडे हेडफोन किंवा साधे इअरफोन घातले तर आधीचे ट्रॅक बाहेर झिरपून माइकमध्ये शिरतात. झाकलेले हेडफोन घातले, की तानपुरा, तबला, पेटी आणि मघाशी भरलेला तुमचाच दुसरा आवाज हे सगळं फक्त तुम्हाला ऐकू येतं. घरातल्यांना ऐकू येतो तो तुमचा एकट्याचा गळा, कुठल्याही साथीशिवाय, मधूनच सुरू होणारा, मधूनच थांबणारा आणि अंतऱ्याची एकच ओळ रात्री बारापर्यंत पुन्हा पुन्हा म्हणणारा. यंत्र घरी येण्यापूर्वी याची कल्पना त्यांना द्यावी. शेजाऱ्यांनाही दिलेली बरी.