फेज गेलाय

बंद पडलेल्या यंत्राचं मला फारसं काही वाटत नाही. ते निदान प्रामाणिकपणे हात वर करतं. खरा छळ मांडतं ते चालू राहून काम न करणारं यंत्र. आमचा कपडे वाळवायचा ड्रायर त्या जातीचा निघाला. बटण दाबलं की दिवा लागायचा, ड्रम फिरायचा, जीन्सचं बटण पत्र्यावर टकटक वाजायचं आणि तासाभरानं काम फत्ते झाल्याची मंजूळ घंटीसुद्धा व्हायची. दार उघडावं तर आत गारढोण, ओलेचिंब, फक्त एकमेकांत गुंतलेले कपडे.

न्यू जर्सीत तेव्हा जून होता आणि बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. आईबाबा तासगावहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. आईनं ओल्या चादरी हातात घेतल्या, उन्हाकडे पाहिलं आणि म्हणाली, "अगं, गॅलरीत दोरी बांध की. एवढं ऊन वाया चाललंय."

"इथं बाहेर कपडे वाळत घालायला बंदी आहे, आई."

"कुणाची?"

"असोसिएशनची. बरं दिसत नाही म्हणून."

"धुतलेले कपडे बरे दिसत नाहीत?" आईनं असं विचारलं की क्षणभर मलाच असोसिएशनची लाज वाटली. मी तिला सांगितलं, की या देशात उन्हात कपडे वाळवायचा हक्क लोकांना मिळावा म्हणून फ्लोरिडा, व्हरमाँट अशा काही राज्यांनी चक्क कायदे केलेत. तिला ते खरं वाटेना. खरं वाटल्यावर म्हणाली, "मग तिकडं घर घ्यायचं होतं."

एव्हाना बाबा यंत्रापाशी पोचले होते. बाबांची सगळी नोकरी वीज मंडळात गेली. २००५ साली मंडळाच्या कंपन्या झाल्या, पण त्यांच्या तोंडी अजून 'बोर्ड'च आहे. अमेरिकेला येताना लोक बॅगेत लोणची-पापड भरतात, बाबांनी त्यांच्या जोडीला टेस्टर आणला होता. त्यांनी ड्रायरला कान लावला, मागून हात फिरवला आणि मिनिटभरात निकाल दिला.

"फेज गेलाय."

आमच्या सांगली भागात वाढलेल्या माणसाला हे निदान नवं नाही. विहिरीवरची मोटार नुसतीच घूं करत असेल तर फेज गेलाय. लग्नाच्या मांडवात निम्मेच दिवे लागले तर फेज गेलाय. बाबा तर पंगतीत निम्म्या लोकांना जिलेबी मिळाली नाही तरी हेच म्हणतात.

माझा नवरा सॉफ्टवेअरमधला. त्याच्या शास्त्रात निदान नंतर करायचं असतं, आधी बंद करून चालू करायचं असतं. तो तळघरात जाऊन ब्रेकर पाडून आला, चढवून आला. फरक शून्य. मग त्यानं बटणांची तपासणी केली, कारण या यंत्रात गरम न करता नुसता वारा घालायचीही एक सोय असते आणि कुणाचा तरी धक्का लागून ती चालू झालेली असते. ती बंदच होती. मग त्यानं व्हिडिओ लावले.

बाबा त्याला 'जावईबापू' म्हणतात, तो त्यांना 'बाबा, तुम्ही' म्हणतो. त्यामुळं आमच्या घरात भांडण होत नाही, चर्चासत्र होतं.

"जावईबापू, मोटार चालते आणि हीटर चालत नाही, याचा अर्थ काय?"

"हीटर गेला असेल, बाबा."

"किंवा?"

"...फेज गेला असेल."

"हां."

आणि गंमत अशी, की यात तथ्य होतं. अमेरिकेत घरात १२० व्होल्टच्या दोन तारा येतात. टीव्ही, मिक्सर, दिवे एकेका तारेवर चालतात. ड्रायरसारख्या दांडग्या यंत्राला दोन्ही लागतात, म्हणजे २४० व्होल्ट. त्यातही ड्रम फिरवणारी मोटार एका तारेवर भागवते, हीटरला मात्र दोन्ही हव्या. एक तार मेली की ड्रम फिरत राहतो आणि कपडे गार. तासगावात कधी ड्रायर न बघितलेल्या माणसानं हे मिनिटभरात ओळखलं होतं. नवऱ्याच्या व्हिडिओतला माणूस तिथवर बाराव्या मिनिटाला पोचला, त्यातली चार मिनिटं त्यानं स्वतःच्या कुत्र्याची ओळख करून दिली.

बाबांना फक्त एक गोष्ट खटकली. या दोन तारा दोन वेगळ्या फेजच्या नसून एकाच ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीला मधोमध टाका मारून काढलेल्या असतात, हे नवऱ्यानं वाचून दाखवलं. "म्हणजे एकाच फेजचे दोन तुकडे?" बाबा म्हणाले. "आणि ह्यांना महासत्ता म्हणायचं?"

प्लग काढला. भिंतीतल्या चार भोकांपैकी दोन उभ्या भोकांत बाबांनी आळीपाळीनं टेस्टर घातला. दोन्हींत दिवा लागला. नवऱ्यानं मीटर लावून पाहिला: २४१. फेज जागेवर होता. बाबांनी टेस्टर खिशात ठेवला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "आता आलाय. मघाशी गेला होता."

यानंतर यंत्र भिंतीपासून ओढलं. मागे गेली काही वर्षं हरवलेले मोजे, एक चमचा आणि एक कॅनेडियन नाणं सापडलं. बाबांनी पाठीवरच्या पट्टीवर छापलेले आकडे वाचले आणि एकदम गंभीर झाले. हीटर पाच-साडेपाच किलोवॅटचा होता. "साडेसात एचपीची मोटार झाली की ही! एवढ्यात विहिरीचं पाणी उसाला पोचतं. आणि तुम्ही टॉवेल वाळवताय." आईनं लगेच उन्हाकडे पाहिलं, मी असोसिएशनच्या दिशेनं.

मागचा पत्रा काढून नवऱ्यानं हीटरच्या दोन टोकांना मीटर लावला. मीटर चिरकला, म्हणजे गुंडाळी शाबूत. मग हीटरच्या पेटीवर बसवलेल्या, रुपयाएवढ्या चपट्या चकतीला लावला. चिडीचूप. तो थर्मल कट-ऑफ. पेटी मर्यादेबाहेर तापली की आतली जोडणी तोडून हा हुतात्मा होतो, आणि एकदा गेला की परत येत नाही, नवाच आणावा लागतो.

"याला बायपास करता येतं," नवरा उत्साहानं म्हणाला. "दोन्ही वायरी एकमेकींना जोडायच्या. एकानं व्हिडिओत—"

बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. जावयासमोर आवाज चढवायचा नाही हा नियम त्यांनी लग्नापासून पाळला होता. तो त्या दुपारी गेला. "फ्यूजला तार? जावईबापू, अख्खी नोकरी मी लोकांच्या किटकॅटमधनं खिळे आणि सायकलचे स्पोक उपसण्यात घालवली! तेव्हा ते निदान अडाणी होते!" नवरा वरमला. पार्ट ऑनलाइन मागवला. तो शेजारच्या थर्मोस्टॅटसकट जोडीनंच मिळतो. मेकॅनिकनं नुसत्या येण्याचे शंभरेक डॉलर सांगितले होते, ही जोडी त्याच्या पाव किमतीत आली.

पण बाबांना तेवढ्यानं चैन पडेना. फ्यूज उगाच उडत नाही, लोड कुठं आला ते शोधायचं, हा बोर्डाचा शिरस्ता. गरम दमट हवा बाहेर टाकणारा चार इंची पाइप त्यांनी यंत्रामागून सोडवला आणि त्यात हात घातला. करड्या कापसाचा लांबलचक पेळू बाहेर आला, येतच राहिला. कपड्यांतून झडलेले तंतू जाळीतून निसटून वर्षानुवर्षं तिथं साठतात. हवा अडते, पेटी तापते, कट-ऑफ उडतो. तो उडाला नाही तर हेच तंतू पेटतात. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या एका पाहणीत ड्रायरपायी घरांना वर्षाला सुमारे २,९०० आगी लागल्याचं नोंदलंय, आणि त्यात पहिलं कारण हेच, साफसफाई न करणं.

आईनं त्यातला एक पुंजका उचलला, अंगठा आणि तर्जनीत धरून मांडीवर वळून पाहिला. "वात चांगली होतीय."

"त्यात निम्मं पॉलिएस्टर आहे, आई. देवासमोर काळा धूर होईल."

तिनं तो ठेवला, पण केराच्या डब्यात नाही. बाजूला.

पाइपाचं दुसरं टोक बाहेरच्या भिंतीत, तिथल्या झडपेत गवत अडकलेलं दिसत होतं. शिडी लावून नवऱ्यानं ते काढलं. चिमणीचं घरटं. सुकलेलं गवत, प्लॅस्टिकच्या पिशवीची एक पट्टी आणि आतून माझ्या निळ्या टॉवेलच्या तंतूंचं मऊ अस्तर. अंडी-पिल्लं काही नाहीत याची आईनं दोनदा खात्री करून घेतली, मगच ते खाली उतरवू दिलं. या चिमण्याही मूळच्या इथल्या नाहीत. १८५०च्या सुमारास कुणी तरी त्यांना इंग्लंडहून आणून ब्रुकलिनमध्ये सोडलं आणि त्या देशभर पसरल्या. ग्रीन कार्ड नाही, असोसिएशनला वर्गणी नाही, वर गरम हवेचा फ्लॅट फुकट. "शहाणी," आई म्हणाली. मला ते चिमणीला उद्देशून वाटलं.

पार्ट बसला, पाइप लागला, प्लग भिंतीत गेला. बाबांनी हात जोडले नाहीत, पण ड्रायरच्या मागच्या पत्र्यावर पेन्सिलनं तारीख घातली आणि खाली लिहिलं, 'कट-ऑफ बदलला. लाइन क्लिअर.' पाच मिनिटांनी काचेवर वाफ धरली. पहिला टॉवेल आईनं गालाला लावून पाहिला आणि काही न बोलता उरलेल्या चादरी आत कोंबल्या. बाबांचे बनियन तेवढे काढून घेतले, ते आक्रसतात म्हणून. ते आता न्हाणीघरात, दांडीवर वाळतात.

संध्याकाळी बाबांनी तासगावच्या जुन्या सहकाऱ्याला फोन लावला. स्पीकरवर. "अरे, काही विचारू नको, अमेरिकेतसुद्धा फेज जातो!" पलीकडून हसणं. चिमणीची हकिगत झाली, किटकॅटची झाली, साडेसात एचपीची दोनदा झाली. मग पलीकडून प्रश्न आला, "जावयाला कळतं का रे काही आपल्या लाइनीतलं?"

नवरा समोरच गरम टॉवेलांच्या घड्या घालत होता. बाबांनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं.

"हुशार आहेत," ते म्हणाले. "हेल्परमध्ये घ्यायला हरकत नाही."