नाण्याची झीज, विक्रेत्याची जीभ

राणीछाप रुपया विकत घेताना मी आधी राणीच्या कानावरचे केस पाहतो, मग मुकुटाची टोकं, मग पोशाखावरची वेलबुट्टी. ठशातले सर्वांत उंच भाग हेच, म्हणून झीज आधी इथेच दिसते. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर हेच काम झग्यावरची नक्षी आणि तिच्यातला हत्ती करतात. केसांच्या बटा एकमेकींत मिसळल्या असतील, वेलबुट्टी सपाट झाली असेल, तर ते नाणं बाजारात भरपूर फिरलेलं आहे. यात मतभेदाला जागा नाही. तरी समोरचा विक्रेता सांगतो, ‘‘यूएनसी आहे साहेब, एकदम कडक पीस.’’

यूएनसी म्हणजे टांकसाळीतून निघाल्यावर चलनात कधीच न आलेलं नाणं. ज्या राणीच्या गालावरून पाच-पन्नास वर्षांचे अंगठे फिरले आहेत, तिला यूएनसी म्हणणं हे खोटं बोलणं आहे. त्याला मी दुसरं नाव देणार नाही. गंमत नाही, चीड येते ती याची, की तेच नाणं त्याच माणसाला विकायला न्या, लगेच त्याचं भिंग बाहेर येतं. मग कडेवरचा ठोका दिसतो, राणीच्या मानेवरचा ओरखडा दिसतो आणि नाणं ‘‘व्हीएफसुद्धा नाही हो’’ ठरतं. भिंग विकतानाही तेच असतं ना?

दर्जाच्या या पायऱ्या काही अवघड नाहीत. व्हीएफ म्हणजे मध्यम झीज, पण मुख्य तपशील स्पष्ट. एक्सएफ म्हणजे फक्त उंच भागांवर हलकी झीज. एयू म्हणजे झिजेची नुसती चाहूल, मूळ चमक बरीचशी शिल्लक. त्यापुढे यूएनसी. हे शिकायला एक संध्याकाळ आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. म्हणूनच वर्षानुवर्षं नाण्यांच्या धंद्यात असलेल्या माणसाला हे येत नाही, यावर माझा विश्वास बसत नाही.

यावर उपाय म्हणून आकडे आले. विल्यम शेल्डन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1949 साली अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंट नाण्यांसाठी 1 ते 70 अशी मोजपट्टी मांडली. 70 दर्जाच्या नाण्याची किंमत 1 दर्जाच्या नाण्याच्या सत्तरपट असावी, असा तिचा हिशेब होता. किमतींचं ते गणित लवकरच मोडलं, आकडे मात्र टिकले आणि साऱ्या जगातल्या नाण्यांना लागू झाले. 1986 आणि 1987 मध्ये अमेरिकेत पीसीजीएस आणि एनजीसी या कंपन्या निघाल्या. त्या नाणं तपासतात, आकडा देतात आणि प्लॅस्टिकच्या बंद पेटीत सीलबंद करतात. तिला आपल्याकडेही स्लॅबच म्हणतात. त्रयस्थानं तपासावं, हे मला पूर्ण मान्य आहे. पण 64 आणि 65 यांतला फरक साध्या डोळ्याला जेमतेम कळतो आणि किमतीत मात्र मोठी उडी असते. म्हणून लोक स्लॅब फोडून तेच नाणं पुन्हा पाठवतात, या वेळी एक आकडा वाढेल या आशेनं. नाणं तेच, झीज तीच. हा जुगार आहे आणि तो मला नाणेसंग्रहात नको आहे.

त्याहून वाईट म्हणजे हीच मोजपट्टी शिवराईवर, म्हणजे मराठेशाहीतल्या तांब्याच्या नाण्यावर, चालवणं. शिवराई यंत्रावर पडलेली नाही; ठशावर हातोड्याचा घाव घालून ती पाडली जाई. ठसा बहुधा तांब्याच्या चकतीपेक्षा मोठा. त्यामुळे एका बाजूचं ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूचं ‘छत्रपति’ ही अक्षरं एकाच नाण्यावर पूर्ण मिळणं दुर्मीळ. एखादं अक्षर पाडतानाच चकतीबाहेर गेलेलं असतं, त्याचा झिजेशी काडीचा संबंध नसतो. अशा नाण्याचं वर्णन दोन वाक्यांत स्वतंत्रपणे व्हायला हवं: किती मजकूर चकतीवर उतरला आहे, आणि जो उतरला तो किती झिजला आहे. आपले विक्रेते हे दोन्ही एकाच इंग्रजी आद्याक्षरात कोंबतात आणि वर ठासून भाव सांगतात. ज्या नाण्यांवर आपल्याच राजाचं नाव आहे, त्यांच्यासाठी आपण साधी वेगळी वर्णनपद्धत रूढ करू शकलो नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता सर्वांत मोठी तक्रार, आणि ती विक्रेत्यांइतकीच घराघरांतल्या माणसांबद्दल आहे. नाणी घासणं थांबवा.

ठशाचा दाब पडतो तेव्हा धातू मधून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेघा उमटतात. नवं नाणं उजेडात तिरपं फिरवलं की प्रकाशाचा पट्टा त्याच्यावर गोल फिरतो, तो या रेघांमुळे. हीच मूळ चमक. चिंच, राख, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर, यांतल्या कशानंही एकदा चोळलं की रेघा सपाट होतात आणि त्या जागी बारीक ओरखडे येतात. नाणं पांढरंफेक दिसतं, पण ती चमक मेलेली असते आणि परत आणण्याचा कोणताही उपाय नाही. तपासणाऱ्या कंपन्या अशा नाण्याला आकडाच देत नाहीत, फक्त ‘साफ केलेलं’ अशी नोंद करतात. चांदीवर चढलेला काळपट थर हा हवेतल्या गंधकामुळे येतो. तो मळ नाही आणि झीजही नाही. काळा पडलेला पण तपशील शाबूत असलेला रुपया घासलेल्या रुपयाहून दर्जानं वर असतो. बाजारात मात्र गिऱ्हाईक चकचकीत नाण्याकडेच धाव घेतं आणि विक्रेता त्याला हवं तेच घासून देतो.

एक तोळा वजनाचा, जवळपास 92 टक्के चांदीचा हा रुपया अजून कित्येक घरांत देवघराच्या डब्यात आहे. त्यातल्या 1862 सालच्या रुपयांवर सालाजवळच्या बारीक ठिपक्यांना फार महत्त्व असतं. मुंबईच्या टांकसाळीनं पुढची काही वर्षं तेच साल कायम ठेवून रुपये पाडले आणि खरं वर्ष ठिपक्यांनी दाखवलं. दर दिवाळीला घासून घासून हे ठिपके जातात आणि नाण्याची ओळखच पुसली जाते.

म्हणून विनंती एवढीच आहे. लक्ष्मीपूजनाला ताटात मांडायचे रुपये काळे असतील तर काळेच मांडा. फार धूळ असेल तर साध्या पाण्यातून काढा आणि मऊ कापडानं नुसते टिपा, चोळू नका. उचलताना कडेला धरा. स्वस्त मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवू नका, त्यातलं रसायन नाण्यावर हिरवट चिकट थर आणतं. आणि विकायला जाल तेव्हा आधी आपलं भिंग बाहेर काढा.