मालकाला रजा कोण देणार?

स्वतःची कंपनी सांभाळून एक्झिक्युटिव्ह एमबीए करायचं म्हटलं, की पहिला पेपर प्रवेश अर्जातच असतो. 'नोकरी देणाऱ्या संस्थेचं ना-हरकत पत्र जोडावे.' लखनौच्या अमीनाबादेतल्या आमच्या एका मराठी स्नेह्याने हे पत्र स्वतःच्या लेटरहेडवर स्वतःलाच लिहिलं. 'आपल्या गैरहजेरीत कंपनीचं काही अडणार नाही,' असं टाइप करून सही केली आणि मग ते वाचून त्याचं त्यालाच लागलं. पुढचा रकाना वरिष्ठांच्या शिफारसपत्राचा. वरिष्ठ म्हणजे आप्पा. धंदा कधीच मुलाच्या नावावर केलाय, तिजोरीची किल्ली मात्र अजून त्यांच्याच कमरेला. "शिकंना का," आप्पा म्हणाले, "पर भट्टीला शनवार-ऐतवार कळत न्हाई, येवढं त्या मास्तरास्नी सांग." इंग्रजीत जाईपर्यंत या वाक्याचं 'उमेदवाराची कामावरची निष्ठा वादातीत आहे' असं झालं.

कंपनी म्हणजे गलाईचं दुकान. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीच्या दुष्काळाने घराबाहेर काढलेली माणसं सोनं-चांदी गाळण्याचा धंदा घेऊन देशभर पांगली. कुठल्याही मोठ्या शहराच्या सराफ्यात त्या भागातल्या विट्याकडचा माणूस सापडतोच. आप्पाही तसेच लखनौला आले. धंदा तोच, फक्त 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा सीएने त्याची प्रायव्हेट लिमिटेड केली. संचालक दोन: मुलगा आणि सूनबाई.

आता हा अभ्यासक्रम मुळात कुणासाठी निघाला ते पाहा. दुसरं महायुद्ध चालू असताना, 1943 साली, शिकागो विद्यापीठाने नोकरी सांभाळून व्यवस्थापन शिकायची सोय काढली. हिशेब सरळ होता. साहेब रजा देणार, कंपनी फी भरणार, शिकून आलेल्याला बढती मिळणार. मालकाच्या बाबतीत यातलं एकही कलम लागू पडत नाही. रजा द्यायची त्यानेच आणि नाकारायचीही त्यानेच. फी कंपनीने भरली काय अन् खिशातून गेली काय, खिसा एकच. आणि बढती? संचालकाच्या वर फक्त आप्पा, आणि ती जागा रिकामी व्हावी असं कुणी चारचौघांत म्हणत नाही.

मुंबईच्या एस. पी. जैन संस्थेला ही अडचण फार पूर्वीच कळली. घरच्या धंद्यातल्या मुलांसाठी त्यांनी महिन्यातून आठवडाभर वर्ग आणि उरलेले दिवस दुकान, अशी पद्धत बसवली. पण आमच्या मित्राला मुंबई लांब. लखनौला तर आयआयएम आहेच की, 1984 पासूनचं! खरं आहे. फक्त नोकरी-धंदा करणाऱ्यांचे त्यांचे वर्ग नोएडाच्या संकुलात भरतात, म्हणजे लखनौहून सुमारे 500 किलोमीटरवर. तिथे काही याचा नंबर लागला नाही. लागला तो त्याच पट्ट्यातल्या दुसऱ्या एका संस्थेत. तिचं नाव लिहीत नाही, कारण विनोद आणि मानहानी यांतला फरक वकिलांनाच कळतो. शुक्रवारी रात्री लखनौ मेल धरायची, शनिवार-रविवार धडे गिरवायचे आणि सोमवारी सकाळी डोळे चोळत दुकान उघडायचं.

यात एक बारीकशी गोची होती. अमीनाबादची सुट्टी गुरुवारी. गुरुवारी दुकानांची शटर खाली आणि त्यांच्यापुढे फूटपाथवर वेगळाच बाजार. रविवारी मात्र तिथल्या गडबडझाला नावाच्या बोळात बांगड्या घेणाऱ्या बायकांमधून वाट काढायला खांदा तिरका करावा लागतो, आणि लग्नसराईत जुने दागिने मोडायला निघालेला सराफही रविवारीच येतो. म्हणजे गिऱ्हाईक दारात असताना मालक नोएडात 'कस्टमर फोकस' शिकत होता आणि गुरुवारी बंद दुकानात बसून त्याच्या नोट्स काढत होता.

पहिल्या सत्रात पोर्टरसाहेबांचा धडा होता. मायकेल पोर्टर यांनी 1979 साली हार्वर्डच्या नियतकालिकात लिहिलं, की कुठल्याही धंद्यावर पाच शक्तींचा दाब असतो. याने इमानदारीत तक्ता भरला. माल पुरवणारा: तेजाबवाला. गिऱ्हाईक: सराफ, जो मजुरीत घासाघीस करण्यासाठीच जन्माला आलेला असतो. पर्याय: एका मिनिटात टंच सांगणारं मशीन. नवे स्पर्धक आणि जुने स्पर्धक या दोन्ही रकान्यांत मात्र एकच नाव आलं, समोरच्या गल्लीतला चुलतभाऊ. प्राध्यापक म्हणाले, हे दोन वेगळे घटक आहेत. हा म्हणाला, सर, गेल्या दिवाळीपर्यंत तो आमच्याच भट्टीवर होता. पोर्टरसाहेब विट्याला आले असते तर भाऊबंदकी ही सहावी शक्ती त्यांना एका सुगीत सापडली असती.

मग 'प्रोसेस डॉक्युमेंटेशन'. म्हणजे कामगाराच्या डोक्यातलं काम कागदावर उतरवायचं. भट्टीवरच्या म्हाताऱ्या कारागिरासमोर हा लॅपटॉप घेऊन बसला. कारागीर सांगत गेला: सोन्यात तिप्पट चांदी घालून मुशीत गाळायची, पाण्यात ओतून दाणे पाडायचे, दाणे तेजाबात उकळायचे. चांदी विरघळती, तळाला तपकिरी गाळ बसतो, तेच सोनं. तेजाबाच्या पाण्यात तांब्याच्या पट्ट्या सोडल्या की चांदीबी माघारी येती.

"आणि मूस कधी उचलायची?"

"लाल झाली की."

"लाल म्हणजे किती अंश?"

"लाल म्हंजी लाल. मालक, दहावीला हुता तवा तुमीच उचलत हुता की."

त्या रकान्यात शेवटी 'अनुभवानुसार' असं पडलं. गुण मिळाले दहापैकी चार.

पुढे प्रकल्पासाठी प्राध्यापक स्वतः अमीनाबादेत आले. टुंडेचे कबाब झाले, प्रकाशची कुल्फी झाली, आणि मग दुकान. त्यांनी पाहिलं तर इथे काहीच फेकून देत नाहीत. केर साठवतात, हात धुतलेलं पाणी साठवतात. झिजलेली चटईसुद्धा जाळून तिची राख गाळतात, कारण तिच्यात कण अडकलेले असतात. प्राध्यापक गहिवरले. सहा महिन्यांनी हीच केस वर्गात शिकवली गेली, शीर्षकात 'शून्य अपव्यय' आणि 'चक्राकार अर्थव्यवस्था'. आमचा मित्र ती फी भरून शिकला. आप्पांना मानधन नाही, नावही नाही. 'संस्थापक' एवढाच उल्लेख, तोही भूतकाळात.

ही रीत नवी नाही म्हणा. मुंबईच्या डबेवाल्यांचा धंदा 1890 पासूनचा. 2010 साली हार्वर्डने त्यांच्यावर केस लिहिली आणि मावळातल्या माणसाचं शहाणपण जगभरच्या वर्गांतून इंग्रजीत शिकवलं जाऊ लागलं. डबेवाल्याची वाटणी त्यामुळे किती वाढली, यावर केस कुणी लिहिल्याचं ऐकिवात नाही.

मग दोन वर्षं दुकान कुणी चालवलं? वहिनींनी. सराफाशी मजुरी ठरवणं, तेजाबवाल्याची उधारी, जीएसटीचा भरणा, कारागिराच्या मुलीचं लग्न, आप्पांच्या गोळ्या, हे सगळं त्यांच्याकडे. दोन्ही वर्षी नफा वाढला. मित्राने याला प्रबंधात 'यशस्वी डेलिगेशन' म्हटलं. वहिनी म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्ही घरी नसता म्हणून वाढला."

गेल्या महिन्यात पदवी मिळाली. ती फ्रेम करून काट्यामागे टांगली आणि बेत उलटला. चौकातला जुना सराफ बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिला आणि अदबीने म्हणाला, "माशाल्लाह, आप तो बड़े आदमी हो गए. अब मजूरी भी बढ़ेगी?" आणि पिशवी न उघडताच समोरच्या गल्लीत गेला. फ्रेम आता आतल्या खोलीत आहे.

शिक्षण वाया गेलं असं मात्र म्हणता येणार नाही. परवा तो चुलतभाऊ स्वतःच येऊन विचारत होता, दादा, कोर्स कसा आहे? आमच्या मित्राने त्याला बसवून चहा पाजला, जुन्या नोट्स बांधून दिल्या आणि दोन पानी शिफारसपत्र त्याच रात्री लिहिलं. पहिल्या चार शुक्रवारांची लखनौ मेलची तिकिटंही त्यानेच काढून दिलीत. वर म्हणालाय, हजेरी शंभर टक्के ठेव, एकही रविवार चुकवू नकोस.