शेवटच्या रिळाआधी

‘एक दूजे के लिये’ मद्रासच्या माणसानं केला, हे उत्तरेकडचे लोक सोयीस्करपणे विसरतात आणि शोळिंगनल्लूरच्या आमच्या शेजारच्या पाट्टी, म्हणजे आजी, कुणाला विसरू देत नाहीत. के. बालचंदर यांनी १९७८ मध्ये तेलुगूत ‘मरो चरित्र’ केला. तमिळमध्ये न आणताही तो मद्रासला वर्षाहून जास्त चालला. १९८१ मध्ये तीच गोष्ट हिंदीत आली. विशाखापट्टणमच्या जागी गोवा आला, तेलुगू मुलीच्या जागी हिंदी बोलणारी सपना. तमिळ मुलगा मात्र कमल हासनच राहिला. एक तमिळ घर आणि एक उत्तर हिंदुस्थानी घर गोव्यात कडाकडा भांडतात, आणि ज्यांचं ते अंगण त्या कोकणी-मराठी माणसांच्या वाट्याला नुसता लाटांचा आवाज येतो, याचं मला अजूनही थोडं वाईट वाटतं.

पण या सिनेमावर रुसून राहता येत नाही. आईनं त्या तमिळ मुलाचा, वासूचा, फोटो जाळला म्हणून सपना ती राख चहात कालवून पिते. हे आता पाहताना हसू येतं, आणि येता येताच आपलीही एखादी तितकीच अविचारी दुपार आठवून ते ओठांवर विरतं. आमच्या शाळेच्या बाकांवर तेव्हा वासू-सपना ही नावं कर्कटकानं कोरलेली असायची. कोरणाऱ्यांना अट, विरह, वगैरे काही कळत नव्हतं. कळत होता तो लिफ्टमधला वासू. भाषा येत नाही, मुलगी रुसलेली, आणि हा पठ्ठ्या हिंदी सिनेमांची नावं एकापुढे एक लावून तिला मनवतो! भांडवल शून्य, उमेद मात्र सावकाराची.

आज ओल्ड महाबलीपुरम रोडवरच्या या काचेच्या इमारतींतून संध्याकाळी उतरणारी निम्मी पोरं मला वासूच वाटतात. कोणी नागपूरचा, कोणी मदुराईची. कंपनीच्या इंग्रजीत दिवस निभावतो, पण रुसवा काढायला ती इंग्रजी कामाची नाही. मग एखादं गाणं उसनं घ्यावं लागतं. बालसुब्रह्मण्यमच्या उच्चारांविषयी लक्ष्मीकांत-प्यारेलालना म्हणे शंका होती. नायकच तमिळ आहे, तर त्याची हिंदी तशीच हवी, असं बालचंदरांनी त्यांना पटवलं. त्याच चित्रपटासाठी बालसुब्रह्मण्यमना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. परक्या भाषेत जरा अडखळणारा आवाज जास्त खरा वाटतो की काय, कोण जाणे. मला तसं वाटणं सोयीचं आहे, कारण माझी तमिळ भाजीवाल्याच्या पलीकडे फारशी गेलेली नाही.

टीव्हीवर हा सिनेमा लागला की पाट्टी मला हाक मारतात. हिंदी त्यांना येत नाही, गाणी सगळी येतात. दोघांनी वर्षभर भेटायचं नाही, पत्र लिहायचं नाही, या अटीपाशी त्या पायाची घडी सोडून सरसावून बसतात, आणि वर्ष सरत आलं की रिमोटकडे हात नेतात. दिलेला शब्द पोरांनी पाळला, आता लग्न लागलंच समजायचं, असं त्यांचं म्हणणं. परवा मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये विनवलं, एकदा तरी शेवट बघा. पाट्टींनी आधी माझं क्रियापद सुधारलं, आणि मग टीव्ही बंद केला.