कटप्पाचा वरून आलेला आदेश

१० जुलै २०१५ला ‘बाहुबली’ पाहून तळोद्याच्या चहाच्या टपरीवर जो प्रश्न बसला, तो २८ एप्रिल २०१७ला दुसरा भाग येईपर्यंत उठलाच नाही. तेवढ्यात शेतात पपई लागली, तोडली, ट्रकमध्ये भरून गेलीही. कटप्पाने बाहुबलीला का मारलं, यावर मात्र एकमत नाही. उत्तर कळल्यावर वाद मिटावा ना? छे! ‘वरून आदेश होता, बिचारा काय करणार?’ एक निवृत्त कारकून कळवळून म्हणाले. बशीतला चहा निवला. २०२५च्या ऑक्टोबरअखेर दोन्ही भाग जोडून पावणेचार तासांचा एकच सिनेमा आला. ‘नवं काय शे भो?’ टपरीवाल्याने विचारलं. कुणी ऐकलं नाही. कटप्पाने नुकतीच तलवार उपसली होती.