मागची बाजू

"जरा फिरवता का?"

काउंटरवर रिसीव्हर ठेवला की काकांचं पहिलं वाक्य हे. पुढची काळी पट्टी, भलंमोठं गोल बटण, निळे आकडे यांच्याकडे ते ढुंकूनही बघत नाहीत. चष्मा कपाळावर चढवून ते मागच्या बाजूच्या भोकांवरून बोट फिरवतात, ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजतात आणि सेल्समनकडे असं बघतात, की आपणच एखादं भोक रात्रीतून बुजवलं की काय अशी त्याला शंका यावी.

"फोनो दिसत नाही."

"काका, ब्लूटूथ आहे ना."

संवाद संपला. पुढचं दुकान.

असे काका प्रत्येक सोसायटीत एक तरी असतात. आमचे बँकेतून निवृत्त झालेले. गाव सोडून जाणाऱ्या एका मित्राने त्यांना दोन छोटे स्पीकर देऊन टाकले, तेव्हापासून हा शोध चालू आहे. गरज म्हणाल तर पोस्टकार्डावर मावेल एवढी: दहा बाय बाराची खोली, सकाळी विविध भारती, संध्याकाळी पंखा बंद न करता भीमसेन, आणि खर्च वीस हजारांच्या आत. रेडिओ हवा म्हणून रिसीव्हर. अँप्लिफायरच्या पेटीतच ट्यूनर असला तर तो रिसीव्हर, नसला तर नुसता अँप्लिफायर, हे काका लिफ्टमध्ये भेटलेल्या कुरिअरवाल्यालाही समजावून सांगतात.

लॅमिंग्टन रोडवर एका दुकानदाराने त्यांना होम थिएटर गळ्यात मारायचा प्रयत्न केला. "साहेब, यात छतातूनसुद्धा आवाज येतो. पाऊस डोक्यावर पडल्यासारखा वाटतो." काका म्हणाले, "आमच्या वरच्या मजल्यावर दोन मुलं आणि एक घरघंटी आहे. ती सोय झालेली आहे." यात काका बरोबरच आहेत. वीस हजार पाच-सात चॅनेलवर पसरायचे की दोनच चॅनेलवर खर्चायचे, याचं उत्तर बँकेतल्या माणसाला सांगावं लागत नाही.

मागची बाजू बघायची सवय मात्र जुनी. काकांची पिढी 'पीएमपीओ'ने पोळलेली. टू-इन-वनच्या दर्शनी भागावर सोनेरी अक्षरांत हजार-दोन हजार वॉट लिहिलेले असायचे. काकांनी तरुणपणी तसला एक डबा उलटा केला, तर मागच्या पट्टीवर बारीक अक्षरांत तो वीज किती खातो ते लिहिलेलं: साध्या बल्बहूनही कमी. खातो मूठभर आणि गातो पोतंभर, हे काय गणित? त्या दिवसापासून काकांचा कुठल्याही यंत्राच्या चेहऱ्यावर विश्वास उरला नाही. अमेरिकेत अँप्लिफायरचे वॉट कसे मोजून छापायचे याचा सरकारी नियम १९७४ साली झाला, ही तारीख ते घरच्या कार्यासारखी लक्षात ठेवून आहेत. कुणी 'शंभर वॉट' म्हणालं की त्यांचा प्रश्न तयार: "किती डिस्टॉर्शनला? शून्य दशांश एक टक्क्याला की दहा टक्क्यांना? दोन्ही चॅनेल एकदम चालू ठेवून की एकेक?" सेल्समन पाणी प्यायला आत जातो, तो परत येत नाही.

विषय त्यांना खरोखर कळतो, ही यातली गोम आहे. वॉट दुप्पट केले तर आवाज तीनच डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायचा तर वॉट दसपट लागतात. त्यांच्या स्पीकरची संवेदनशीलता ८७ डेसिबल, म्हणजे एका वॉटला एक मीटरवर तेवढा आवाज. माणसं साधारण साठ डेसिबलला बोलतात. तेव्हा त्या खोलीत दोन-तीन वॉटमध्ये भीमसेन सुखाने गातील आणि पाचव्या वॉटला खालच्या मजल्यावरून फोन येईल. हे सगळं मला काकांनीच कागदावर मांडून दाखवलं. त्याच कागदाच्या पाठीवर त्यांनी ८५ वॉटचा एक रिसीव्हर '१०० वॉट नाहीत' म्हणून खोडलेला होता. दोघांतला फरक पाऊण डेसिबलचासुद्धा भरत नाही. मी तसं म्हटलं, तर म्हणाले, "हाताशी असलेले बरे."

दैवत विचाराल तर त्यांचं एकच: एनएडी ३०२०. १९७८ सालचा अँप्लिफायर, किंमत बेताची, कागदावर उणेपुरे वीस वॉट, आणि भल्याभल्या महागड्यांची त्याने झोप उडवली. त्याची कथा सांगताना काकांचा आवाज कातर होतो. आज कुणी नवाकोरा वीस वॉटचा समोर ठेवला तर मात्र त्याला ते आधी फिरवायला सांगतील आणि मग परत पाठवतील.

कारण अडचण वॉटची नाही, भोकांची आहे. फोनो हवा तो वडिलांच्या रेकॉर्ड्ससाठी. सुईतून येणारा सिग्नल जेमतेम पाच मिलिव्होल्टचा, शिवाय रेकॉर्ड कापताना खर्ज दाबलेला आणि तार उचललेलं असतं; ते पूर्ववत करणारं सर्किट म्हणजे फोनो. रेकॉर्ड्स माळ्यावर आहेत. टर्नटेबल कुठेच नाही. हल्लीच्या स्वस्त टर्नटेबलांत बऱ्याचदा फोनोचं सर्किट आतच असतं, म्हणजे रिसीव्हरला ते नसलं तरी चालतं. पण काकांना ते रिसीव्हरमध्येच हवं. एकदा मी माळ्यावर चढून गठ्ठा खाली काढला. नाट्यसंगीताच्या, दमदमच्या कारखान्यात बनलेल्या, सगळ्या ७८ च्या. त्यांना सुई वेगळी लागते, स्वस्त टर्नटेबलांवर बऱ्याचदा तो वेग नसतो, आणि फोनोचं हल्लीचं प्रमाण पक्कं झालं १९५४ च्या सुमारास; यातल्या बऱ्याचशा त्याच्याही आधीच्या. काकांनी गठ्ठ्यावरची धूळ पुसली, तो परत वर ठेवायला सांगितला आणि म्हणाले, "तरीही फोनो हवाच."

तेव्हा मला उलगडा झाला. मागचं एकेक भोक म्हणजे एकेक होऊ घातलेले काका आहेत. फोनोवाले काका रविवारी दुपारी रेकॉर्ड लावणार. 'बी' स्पीकरवाले काका गॅलरीत बसून गाणं ऐकत चहा पिणार. हेडफोनवाले काका रात्री कुणाला त्रास न देता मालकंस ऐकणार. सबवूफरच्या भोकावर कुणाचा हक्क आहे ते अजून ठरलेलं नाही, पण जागा राखीव. काकूंनी हे फार आधी ओळखलेलं. त्या एवढंच म्हणतात, "खोली दहा बाय बाराची आहे. इतकी माणसं झोपणार कुठे?"

बाजाराला या गर्दीची कल्पना नाही. यामाहाच्या आर-एस२०२ ला ट्यूनर आहे, ब्लूटूथ आहे, पण फोनो नाही आणि टीव्हीची ऑप्टिकल वायर घ्यायला जागाही नाही. सोनीच्या एसटीआर-डीएच१९० ला फोनो आहे, ऑप्टिकल नाही. ऑप्टिकलही असलेला शोधायला गेलं की आणखी काही हजार, मग त्यात वायफाय असलेला दिसतो, आणखी काही हजार. असं चढत चढत काका लाखाच्या मजल्यावर पोचतात, तिथून खाली बघतात आणि घाबरून वीस हजारांवर उतरतात. न्यू जर्सीचा भाचा म्हणाला, येताना घेऊन येतो. काकांनी मागच्या बाजूचा फोटो मागवला. १२० व्होल्ट. आपल्याकडे २३०. म्हणजे रिसीव्हरएवढाच जड ट्रान्सफॉर्मर शेजारी घुंई-घुंई करत बसवायचा. नकार दिला, तो योग्यच दिला.

मी एकदा दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं. माहितीपत्रकात 'एक लाख हर्ट्झपर्यंत' लिहिलंय म्हणून काका एका रिसीव्हरवर खूश होते. धडधाकट तरुण कानालाही वीस हजारांच्या वर ऐकू येत नाही, आणि साठीनंतर तर पुष्कळांची धाव बारा हजारांच्याही आत आटोपते. त्याच वेळी स्वयंपाकघरात कुकरची तिसरी शिट्टी झाली. काका म्हणाले, "पहिली झाली का रे?"

मग इतके दिवस घरात गाणं कशावर वाजतं? त्या मित्राने स्पीकरबरोबर पुस्तकाएवढी एक चिनी पेटीही दिली होती. आत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप, बाहेर लॅपटॉपला असतो तसा अडॅप्टर. काकांनी मंडईजवळून मीटरवर घेतलेली साधी तांब्याची वायर लावून ती 'तात्पुरती' जोडली. ट्यूनर नाही, म्हणून विविध भारती फोनवरून. भीमसेन त्यातून स्वच्छ गातात, बटण कधी नऊच्या पुढे सरकलेलं नाही. त्या पेटीच्या पाठीमागे मोजून तीन जोडण्या आहेत, म्हणून काका तिला यंत्र मानत नाहीत. माझ्या मते त्या खोलीला ती पुरून उरते.

तुम्हालाही असा छोटा रिसीव्हर घ्यायचा असेल तर काकांकडे जरूर जा. फुकट सल्ला, वर चहा, आणि एकही चूक माहिती मिळणार नाही. फक्त तुमच्या टीव्हीला ऑप्टिकल आहे की नुसतं एचडीएमआय, ते आधी बघून जा. सांगता आलं नाही तर ते बॅटरी घेऊन तुमच्याबरोबर घरी येतात आणि टीव्ही भिंतीवरून उतरवायला लावतात.